सीरियल पोर्टची सेटिंग रीबूटनंतरही टिकवताना

इलेक्ट्रॉनिक वजनकाटे, बारकोड स्कॅनर आणि कारखान्यांतली नियंत्रण यंत्रे आजही अनेक ठिकाणी सीरियल पोर्टवरून संगणकाला जोडलेली असतात. या जोडणीत दोन्ही टोकांना वेग, डेटा बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिट सारखेच असावे लागतात. लिनक्समध्ये पोर्टचा मूळ वेग सहसा सेकंदाला ९६०० बिट असतो. काटा ४८०० ने माहिती पाठवत असेल, तर पडद्यावर वजनाऐवजी भलतीच अक्षरे उमटतात.

वेग बदलण्यासाठी ‘एसटीटीवाय’ ही आज्ञा वापरतात. पोर्टचे नाव आणि ४८०० हा आकडा दिला, की काम लगेच होते. पण हा बदल कर्नेलच्या स्मृतीत राहतो, डिस्कवर लिहिला जात नाही. त्यामुळे संगणक पुन्हा सुरू झाला, की पोर्ट मूळ वेगावर येतो. सीरियल पोर्ट यूएसबीच्या तारेवर असेल, तर ती तार काढून पुन्हा लावली तरी तेच होते.

म्हणून ही आज्ञा दर वेळी आपोआप चालेल अशी सोय करावी लागते. मदरबोर्डवरच्या कायमच्या पोर्टसाठी सिस्टमडीची, म्हणजे लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या प्रणालीची, छोटी सेवा पुरते. ‘वनशॉट’ प्रकारची ही सेवा संगणक सुरू होताना एकदा चालते आणि संपते. यूएसबीच्या तारेवरच्या पोर्टसाठी मात्र उपकरणांची जोडणी सांभाळणाऱ्या यूडेव्हचा नियम अधिक योग्य, कारण उपकरण जोडले जाईल तेव्हा तो लागू होतो. उपकरणाचा उत्पादक क्रमांक आणि अनुक्रमांक पाहून तो नेमकी तार ओळखतो, तिला ठरावीक नाव देतो आणि एसटीटीवाय चालवतो. दोन तारांच्या नावांची अदलाबदल होण्याचा धोकाही त्यामुळे टळतो.

नावावरून याच कामाचे वाटले, तरी ‘सेटसीरियल’ हे साधन वेगळ्या कामाचे आहे. पोर्टचा पत्ता, इंटरप्ट आणि चिपचा प्रकार त्यातून ठरतो; नेहमीचा वेग किंवा पॅरिटी ठरवण्यासाठी ते नाही.

एवढे करूनही वेग बदललेला दिसला, तर पोर्ट वापरणारा प्रोग्राम तपासावा. बरेच प्रोग्राम पोर्ट उघडताना स्वतःची सेटिंग लावतात आणि आधीची पुसून टाकतात. त्याच पोर्टवर लॉगिनची सेवा चालू असेल, तर तीही वेग बदलू शकते. म्हणून प्रोग्राममध्ये वेग नमूद करण्याची सोय असेल, तर तो तिथेच लिहावा. ती नसेल तेव्हा यूडेव्ह किंवा सिस्टमडीचा आधार घ्यावा. शेवटी संगणक एकदा रीबूट करून एसटीटीवायनेच वेग वाचून पाहावा. तिथे ४८०० दिसले, तरच काम पुरे झाले असे समजावे.