तपासणी हवी, शिक्का नको

शाळेत 'मठ्ठ', घरात 'आळशी', नोकरीत 'बेशिस्त' ही विशेषणे वाहतच अनेकजण तिशी गाठतात. आपल्याला ऑटिझम किंवा एडीएचडी असू शकते, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. वस्तीतल्या पोराबद्दल तर 'संस्कारच नाहीत' म्हणून मास्तर मोकळे!

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडी नाही. पण म्हणून दार बंद झाले असे आम्ही मानत नाही. 40 टक्क्यांची अट आरक्षणाला आहे; लेखनिक, जादा वेळ अशा वाजवी सोयींना नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये हे स्पष्ट केले. त्या उमेदवाराच्या हाताला लिहिताना पेटके येत. हाच न्याय एडीएचडीलाही लागू झाला पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

म्हणूनच तपासणी कशी होते, याला मोल आहे. नुसते 'दोष' मोजणारा अहवाल अर्जाला जोडून काय साधणार? बालपणाची हकीगत आईला विचारावी, जुनी प्रगतिपुस्तके पाहावीत. पण मुख्य म्हणजे खुद्द त्या तरुणाला विचारावे. गोंगाटात काय होते? तोंडी सूचना पुरतात, की लेखी हव्यात? एखादी मुलगी वर्गात गप्प बसते, म्हणजे तिला त्रास नाही असे मुळीच नव्हे. सगळ्यांसारखे दिसण्यातच ती दमून जात असेल.

अहवालात या गरजा स्पष्ट शब्दांत लिहून मागा आणि परीक्षेच्या अर्जासोबतच त्याची प्रत जोडून पोच घ्या.