'नायट्रेट'चे दोन अर्थ आणि डे मॉइन नगराचे पाणी

शास्त्रीय परिभाषेत एका शब्दाला एकच अर्थ असावा, अशी आपली अपेक्षा असते. ही अपेक्षा भंग पावली तर बहुधा वाचकाचा गोंधळ उडतो, आणि तेवढ्यावरच निभावते. पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत मात्र असा गोंधळ तान्ह्या मुलाच्या जिवावर बेतू शकतो. 'नायट्रेट' हा शब्द या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची कमाल मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. भारतीय मानकात ती ४५ मिलिग्रॅम आहे. हे दोन आकडे पाहून अमेरिकेचा नियम साडेचार पटींनी कडक आहे, असे कोणालाही वाटेल. परंतु तसे नाही. नायट्रेटमध्ये नत्राचा एक आणि प्राणवायूचे तीन अणू असतात. नत्राचा भार १४ धरला, तर संपूर्ण नायट्रेटचा भार ६२ होतो. अमेरिकेत केवळ नत्राचा अंश मोजतात, तर आपल्याकडे संपूर्ण नायट्रेट मोजतात. १० मिलिग्रॅम नत्र म्हणजे सुमारे ४४ मिलिग्रॅम नायट्रेट होय. तात्पर्य, मर्यादा जवळजवळ एकच असून केवळ मोजावयाची वस्तू निराळी आहे. अमेरिकन अहवालातील १२ हा आकडा ४५ च्या शेजारी ठेवून जो पाणी निर्धोक मानील, तो वस्तुतः ५३ मिलिग्रॅम नायट्रेट असलेले पाणी निर्धोक ठरवीत असतो.

या आकड्यांचे महत्त्व आयोवा राज्याची राजधानी डे मॉइन हिच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. हे नगर रॅकून आणि डे मॉइन या दोन नद्यांचे पाणी पिते. या नद्यांच्या खोऱ्यांत मका आणि सोयाबीन यांची विस्तीर्ण शेते आहेत. जमिनीतील पाणी निघून जावे म्हणून शेतांखाली सच्छिद्र नळ पुरलेले असतात. खतांतील व मातीतील नत्रापासून झालेले नायट्रेट पाण्यात सहज विरघळते, मातीच्या कणांना ते चिकटून राहत नाही. वसंतातील पावसाच्या वेळी पिकांची मुळे ते शोषण्याइतकी वाढलेली नसतात. त्यामुळे ते या नळांतून ओढ्यांत व ओढ्यांतून नदीत जाते.

नायट्रेटला रंग, वास वा चव नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. शरीरात त्याचे नायट्राइट होते, आणि नायट्राइटमुळे रक्तातील रंगद्रव्याची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. सहा महिन्यांच्या आतील बालकांना याचा धोका विशेष असतो. त्यांची कातडी निळसर पडते आणि वेळीच उपचार न झाल्यास मृत्यूही ओढवतो. विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटशी या विकाराचा संबंध १९४५ साली डॉ. हंटर कॉमली यांनी दाखवून दिला. ते आयोवा राज्यातीलच होत.

डे मॉइनच्या जलसंस्थेने नायट्रेट काढून टाकण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली. तीत पाणी विशिष्ट राळेच्या कणांतून नेतात. राळ नायट्रेट धरून ठेवते व त्याच्या बदल्यात क्लोराइड सोडते. पुढे मिठाच्या द्रावणाने राळ धुवावी लागते. येथे हे ध्यानात घेतले पाहिजे की, या क्रियेत नायट्रेट नाहीसे होत नाही. ते एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाते, आणि खर्च पाणी पिणाऱ्यांवर पडतो. हा भार कोणी सोसावा, या प्रश्नावरून २०१५ साली जलसंस्थेने वरच्या भागातील तीन परगण्यांच्या निचरा-मंडळांवर फिर्याद केली. २०१७ साली ती फेटाळली गेली. राज्याच्या कायद्याने निचरा-मंडळांना अशा दाव्यांपासून संरक्षण दिले आहे, हे त्याचे मुख्य कारण. पाणी निर्दोष आहे, असा निर्णय न्यायालयाने दिलेला नाही. पुढे जून २०२५ मध्ये नद्यांतील नायट्रेट इतके वाढले की, शुद्धीकरणाची यंत्रणा पुरी पडावी म्हणून नागरिकांना हिरवळीस पाणी घालण्याची मनाई करावी लागली.

महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतील भूजलातही ४५ ची मर्यादा ओलांडणारे नमुने आढळले आहेत. आपल्या शेतकऱ्याला 'नत्र, स्फुरद, पालाश' ही त्रयी तोंडपाठ असते. पाण्याच्या अहवालातील 'नायट्रेट' मात्र त्याला परके वाटते. शेतात घातलेले नत्र आणि विहिरीत उतरलेले नायट्रेट यांचे नाते शब्दांवरून त्याच्या सहसा लक्षात येत नाही. म्हणून अहवाल लिहिणाराने दोन पथ्ये पाळावीत, असे सुचवावेसे वाटते. आकड्यापुढे 'नत्राच्या रूपाने' की 'नायट्रेटच्या रूपाने' हे निःसंदिग्धपणे लिहावे. आणि नायट्रेट म्हणजे खतांतल्या त्याच नत्राचे पाण्यात विरघळलेले रूप, हे एका वाक्यात सांगावे. एवढ्याने पाणी शुद्ध होणार नाही, हे खरे; परंतु ते अशुद्ध आहे हे ज्याला समजावयास हवे, त्याला ते समजेल.