मर्सिडीजच्या शहरातली मारुती ८००

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी मिळून एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा हा सौदा देशभर गाजला. शहर आता छत्रपती संभाजीनगर झालं, तरी तो किस्सा अजून कौतुकाने सांगितला जातो. त्याच वर्षीच्या एप्रिलमधली दुसरी एक बातमी मात्र फारशी कुणाला आठवत नाही. प्रदूषणाचे नवे निकष आले आणि १३ मोठ्या शहरांत मारुती ८०० ची विक्री थांबली. जानेवारी २०१४ मध्ये तर तिचं उत्पादनच बंद झालं. तरीही जालना रोडवर एमएच-२० पाटीची एखादी ८०० अजून दिसते, आणि ती दुरुस्त करायला मिस्त्री शोधत फिरावं लागत नाही.

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते हरपाल सिंग यांना पहिल्या ८०० ची किल्ली मिळाली. तेव्हा किंमत होती ४७,५०० रुपये. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, वजन साधारण साडेसहाशे किलो. सुरुवातीला कार्ब्युरेटर होता, २००० च्या सुमारास एमपीएफआय ही इंधन-इंजेक्शन पद्धत आली. गाडीत मुळात बिघडण्यासारखं थोडंच. पण तिच्या दीर्घायुष्याचं खरं कारण तिच्या गोतावळ्यात आहे. याच घराण्यातलं इंजिन ओम्नीत २०१९ पर्यंत आणि अल्टोत २०२३ पर्यंत चाललं. त्यामुळे ८०० बंद झाली तरी तिच्या सुट्या भागांची मागणी आटली नाही, आणि त्या इंजिनावर हात बसलेले मिस्त्रीही रिकामे राहिले नाहीत.

हे शहर तसं गाड्यांचंच. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे. शेंद्र्यात स्कोडाची ऑक्टाव्हिया जोडली जायची, २००८ मध्ये फाबिया ही लहान गाडीही आली. फाबिया पाच-सहा वर्षांतच बाजारातून गेली. गाडी म्हणून ती ८०० पेक्षा कितीतरी मजबूत आणि सुरक्षित. पण ज्या गाडीचे भाग मोजक्याच दुकानांत मिळतात, ती जुनी झाली की मालकाचा खिसा हलका करते. कारखाना दारात असला म्हणून दुरुस्ती स्वस्त होत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात भाग मिळाला आणि गल्लीतल्या गॅरेजात तो बसवता आला, तरच गाडी म्हातारपणी परवडते.

इथल्या हवा-पाण्याने गाडीचे आजारही ठरवून दिले आहेत. हवा कोरडी, त्यामुळे कोकणासारखा पत्रा सडत नाही. त्रास होतो तो पाण्याचा. नळाला काही दिवसांआड पाणी. शहरातल्या सातारा-देवळाईसारख्या भागांत तर वर्षानुवर्षं बोअर आणि टँकरच. बोअरचं क्षारयुक्त पाणी बादलीने रेडिएटरमध्ये ओतलं, की त्याच्या बारीक नळ्यांत क्षारांचे थर साचतात. मे महिन्याच्या उन्हात चौकात गाडी उभी राहिली, की तापमानाचा काटा वर चढतो. तसंच दामटलं तर हेड गॅस्केट जातं. मग हेड उतरवा, लेथवर फेसिंग करून आणा, गॅस्केट बदला. कूलंटच्या एका डब्यात भागलं असतं, त्याचं बिल हजारांत जातं.

एक्सलच्या रबरी बुटाचीही तीच कथा. खड्ड्यांनी आणि उन्हाने बूट चिरतो, ग्रीस बाहेर उडतं, आत धूळ शिरते. वळताना पुढच्या चाकातून ‘कट-कट’ आवाज येऊ लागला, की सांधा गेला समजा. बूट काहीशे रुपयांचा, एक्सल काही हजारांचा. म्हणूनच जाणता मिस्त्री ऑइल बदलताना गाडीखाली वाकून दोन्ही बूट बोटांनी चाचपून पाहतो.

आता कागदांचा खर्च यंत्राच्या खर्चाला गाठू लागला आहे. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं. वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी त्याचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये ५,००० वरून १०,००० रुपये झालं. पर्यावरण कर वेगळाच. त्यात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि गॅस्केट बदलावी लागू शकतात, हे सरकारनेही मान्य केलं आहे. हा खर्च मोठा नाही, पण पेट्रोलच्या पाइपातून गळती होईपर्यंत थांबण्यात शहाणपण नाही.

तेव्हा जुनी ८०० घेणाऱ्यांनी रंगावर भुलू नये. पायाखालचं मॅटिंग उचलून तळाचा पत्रा पाहावा. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडावं. आतलं पाणी गढूळ-तांबडं असेल तर भाव पाडून मागावा, नाहीतर सोडून द्यावं. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवत आवाज ऐकावा. आरसीवरची मुदत वाचावी. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: या गाडीत ना एअरबॅग, ना एबीएस. वाळूज-चिकलठाणा नोकरीला, भाजीला, मुलांच्या शिकवणीला ती आजही परवडते. समृद्धी महामार्गावर, जिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, तिथे ती नेऊ नये.