चूक

चूक : योग्य, खऱ्या किंवा अभिप्रेत गोष्टीपासून हेतू नसताना घडलेली च्युती. हा शब्द स्त्रीलिंगी असून मराठीत बोलण्यात, हिशेबात, शाळेत, न्यायालयात व पाठचिकित्सेत अशा सर्व ठिकाणी रूढ आहे. बारीक खिळा या अर्थाचा चूक हा शब्द आणि चुका ही आंबट पालेभाजी यांहून तो निराळा आहे.

व्युत्पत्ती व मूळ अर्थ : चुकणे या धातूचे पूर्वरूप प्राकृतात चुक्क असे आढळते. बाराव्या शतकातील जैन वैयाकरण हेमचंद्र याने आपल्या प्राकृत व्याकरणात संस्कृत भ्रंश् (ढळणे, खाली पडणे) या धातूच्या जागी येणारे देशी धातू सांगितले आहेत. त्यांत चुक्क आणि भुल्ल हे शेजारीशेजारी येतात. मराठीतील चूकभूल या जोडशब्दाची दोन्ही अंगे अशा रीतीने आठशे वर्षांहून अधिक काळ एकमेकांच्या सोबतीस आहेत. त्याच यादीतील फिट्ट हा धातू मराठी फिटणे या क्रियापदाच्या मुळाशी आहे.

भ्रंशाचा, म्हणजे ठरलेल्या जागेवरून ढळण्याचा किंवा गाठ न पडण्याचा हा अर्थ आजच्या मराठीतही पुष्कळसा टिकून आहे. नेम चुकतो, वाट चुकते, काळजाचा ठोका चुकतो. जत्रेत दोघांची चुकामूक होते. कळपातून निघालेले जनावर चुकार ठरते. यांपैकी एकाही ठिकाणी नैतिक दोषाचा संबंध नाही. जवळचे माणूस गावाला गेल्यावर घरात ‘चुकल्याचुकल्यासारखे’ वाटते, तेथे तर कोणाचेच काही बिघडलेले नसते. केवळ नेहमीची गाठ पडत नाही. मरण कोणाला चुकत नाही, असे म्हणताना हाच धातू ‘टळणे’ या अर्थी येतो, तर कर चुकविणे, नजर चुकविणे व कामचुकार या प्रयोगांत टाळण्यामागे बुद्धी असते. देणे चुकते करणे यातील ‘फिटणे, संपणे’ हा अर्थ हिंदीतील चुकना या सहायक क्रियापदात प्रमुख झाला. मराठीत तो व्यवहाराच्या भाषेपुरता राहिला.

वाक्यातील प्रयोग : चूक कोणाच्या पदरी टाकावयाची, हे मराठी वाक्यरचनाच पुष्कळदा ठरविते. ‘मी चूक केली’ यात कर्त्याने जबाबदारी उघडपणे घेतलेली असते. ‘माझ्या हातून चूक झाली’ यात ती हातापुरती मर्यादित होते. ‘मी चुकलो’ यात कृतीचा निर्देश गळतो आणि माणूसच ढळल्याची कबुली उरते. ‘माझे चुकले’ ही रचना सर्वांत लक्षणीय होय. येथे क्रियापद नपुंसकलिंगी असून काय चुकले ते सांगितलेले नसते, चुकणाऱ्याचा संबंध केवळ षष्ठीने दाखविलेला असतो. तरीही घरगुती भांडणे मिटतात ती बहुधा याच वाक्याने. उलट ‘गाडी चुकली’ असे म्हणताना वेळेवर सुटलेल्या गाडीकडेच व्याकरणाने चुकीचे कर्तेपण जाते, आणि उशिरा पोहोचलेला प्रवासी नामानिराळा राहतो.

वाक्प्रचारांतही असाच सूक्ष्म भेद आहे. चूक पदरात घालणे म्हणजे ती संबंधितास पटवून स्वीकारावयास लावणे. चूक पोटात घालणे म्हणजे क्षमा करणे. चुकला फकीर मशिदीत ही म्हण वाट चुकलेल्याचे ठिकाण ठरलेलेच असते, हे सांगते. अचूक व न चुकता हे शब्द नकारातून सिद्ध झाले असले, तरी प्रशंसेसाठी वापरले जातात.

जमाखर्चाच्या कागदाखाली ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असे लिहिण्याची जुनी प्रथा आहे. हे वाक्य क्षमायाचनेचे समजले जाते, ते बरोबर नाही. रक्कम जास्त लागली असल्यास परत द्यावी, कमी लागली असल्यास घ्यावी, असा तो उभयपक्षी करार आहे. चूक ही येथे पाप नसून शिल्लक आहे आणि ती कोणत्याही बाजूस निघू शकते.

पर्यायी शब्द : अपराध व गुन्हा यांत नियमभंग आणि बहुधा हेतू, पापात धर्माची मर्यादा ओलांडणे, भुलेत विसर किंवा भ्रम, गफलतीत बेसावधपणा अभिप्रेत असतो. दोष हा वस्तूतही असू शकतो, चूक मात्र करणाऱ्यावाचून संभवत नाही. मोजमापातील अटळ फरकास शास्त्रीय लेखनात त्रुटी म्हणतात. कायद्याने तथ्याविषयीची चूक व कायद्याविषयीची चूक यांत भेद केला आहे : सद्‌भावाने तथ्य समजण्यात चूक झाल्यास भारतीय दंड संहितेने (१८६०) बचाव मान्य केला होता आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे, कायदा ठाऊक नव्हता, ही सबब मात्र चालत नाही.

पोथीतील चुका : बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे मराठीच्या या शाखेचे उत्तम उदाहरण आहे. मुकुंदराज व दासोपंत (१५५१–१६१५) या दोघांच्या समाध्या तेथे आहेत. दासोपंतांची सुमारे १२ मी. लांबीच्या कापडावर लिहिलेली पासोडी प्रसिद्ध आहे. मुद्रणापूर्वी ग्रंथ नकलेनेच टिकत आणि नकलेबरोबर चुका येत. घ व ध, थ व य, भ व म या अक्षरांची गल्लत होई. सारख्या शेवटाच्या दोन ओळींत नजर घसरून मधली ओळ गळे. गळलेला मजकूर काकपदाची खूण करून समासात लिहीत, नको असलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ फाशीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला.

अवघड प्रश्न असा, की प्रत्येक भेद चूक नसतो. लेखनिकाने जुने रूप न समजल्यामुळे त्याऐवजी आपल्या काळचे रूप घातले, तर वाचकाच्या दृष्टीने पोथी सुधारते आणि भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने बिघडते. मुकुंदराजांच्या विवेकसिंधूचे असेच झाले आहे. त्याचा रचनाकाल शके १११० (११८८) सांगणारी ओवी काही अभ्यासक प्रक्षिप्त मानतात, कारण उपलब्ध हस्तलिखितांची भाषा त्या मानाने अर्वाचीन वाटते. इतरांच्या मते हे नूतनीकरण नकलाकारांचे आहे. ग्रंथातील अंबानगरी म्हणजे अंबाजोगाई की वैनगंगेकाठचे अंभोरे, हा वादही याच साक्षीवर अवलंबून आहे. कोणता पाठ चुकीचा, यावर आद्य मराठी कवीचा मान आणि त्याचे गाव ही दोन्ही ठरतात. एकनाथांनी शके १५०६ (१५८४) मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती अशा पाठभेदांमुळेच. पुढे वि. का. राजवाडे यांनी बीड परिसरातील पाटांगण येथे मिळालेल्या जुन्या प्रतीवरून १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. प्रचलित प्रतींना अपरिचित अशी जुनी रूपे तीत होती. ती अशुद्ध मानून दुरुस्त केली असती, तर जुन्या मराठीचा मोठा पुरावा नाहीसा झाला असता.

लेखन व बोली : शाळेत चूक या शब्दाचा सर्वाधिक संबंध शुद्धलेखनाशी येतो, आणि हा शब्द स्वतःच पुष्कळदा ‘चुक’ असा चुकीचा लिहिला जातो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या १४ नियमांनुसार (१९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली) अकारान्त मराठी शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहावयाचा असतो; तो सामान्यरूपात व अनेकवचनात ऱ्हस्व होतो. म्हणून चूक, पण चुका, चुकीचा. येथेही हा शब्द थोडा वाट चुकलेला दिसतो : वाट–वाटा–वाटेला या नमुन्याप्रमाणे ‘चुकेला’ व्हावे, परंतु रूढ रूप ‘चुकीला’ असेच आहे. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घ भेद व्यवहारतः पाळला जात नसे. तेव्हा आज ज्याला चूक म्हणतात ती मोडी लिहिणाऱ्या कारकुनाच्या हातून होणेच शक्य नव्हते.

बोलीची गोष्ट याहून वेगळी आहे. अंबाजोगाईच्या आसपास ‘तो जात आहे’ याऐवजी ‘तो जायलाय’ असे म्हणतात. १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता, अंबाजोगाईस मोमिनाबाद म्हणत आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे गलती, कसूर यांसारखे शब्दही तेथे चुकीबरोबर सहज वावरतात. ‘जायलाय’ या रूपास स्वतःचे नियम आहेत आणि ते बोलणारे लोक ते मोडीत नाहीत. औपचारिक लेखनात विद्यार्थ्याने प्रमाण रूप वापरावे, अशी अपेक्षा रास्त आहे. मात्र उत्तरपत्रिकेत त्या रूपाखाली ओढलेली लाल रेघ आणि ‘चुक’ या शब्दाखाली ओढलेली लाल रेघ यांचा अर्थ एक नव्हे. पहिल्या ठिकाणी मुलाने नियम चुकविलेला नसतो, दुसरा नियम पाळलेला असतो.