दुर्बीण निवडताना : तंजावरच्या आकाशाखाली

आकाशाचे निरीक्षण करू इच्छिणाऱ्या मनुष्यास पहिला प्रश्न पडतो तो साधनाचा. कोणती दुर्बीण घ्यावी, ती किती मोठी असावी आणि तिच्यातून काय दिसेल, असे तो विचारतो. शाळा व वाचनालये यांच्यापुढे तर हा प्रश्न अधिकच निकडीने उभा राहतो. कारण तेथे पैसा मोजका असतो आणि एकदा केलेली खरेदी पुष्कळ वर्षे पुरवावी लागते. दुर्बीण मोठ्या उत्साहाने आणावी, चार रात्री तिच्याभोवती मुलांनी गर्दी करावी आणि पुढे तिने कपाटात जाऊन बसावे, हा प्रकार अनेक ठिकाणी घडतो. त्याचा दोष ना मुलांचा असतो, ना आकाशाचा. दुर्बिणीचे तोंड किती रुंद, तिची बैठक किती स्थिर, ज्या गावी ती वापरावयाची तेथील आकाश कसे आणि तिची निगा कोण राखणार, या चार गोष्टींचा विचार खरेदीपूर्वी झालेला नसतो.

या विचारासाठी आपण तंजावर हे गाव डोळ्यांपुढे ठेवू. मराठी वाचकास ते परके नाही. व्यंकोजी भोसल्यांच्या वंशाने तेथे राज्य केले, सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे आणि आजही तेथील अनेक घरांत मराठी बोलली जाते. शिवाय ते विषुववृत्तापासून केवळ पावणेअकरा अंशांवर असल्याने तेथील आकाश पुण्या-मुंबईच्या आकाशाहून काहीसे वेगळे आहे. आणि यंत्र कसे हाताळावे, यासंबंधीचा एक मोठा धडा याच गावी सुमारे दोनशे वर्षांपूर्वी मिळालेला आहे.

मोठ्या देवळावरील अपघात

इ. स. १८०८ मध्ये, म्हणजे सरफोजीराजे दुसरे यांच्या कारकिर्दीत, विल्यम लॅम्टन हा अधिकारी दक्षिण हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी करीत तंजावरास पोहोचला. कावेरीचा त्रिभुज प्रदेश सपाट आहे. तेथे डोंगर नाहीत आणि नारळीच्या झाडांमुळे दूरचे दिसत नाही. म्हणून देवळांच्या उंच शिखरांवरूनच कोन मोजणे भाग होते. बृहदीश्वराच्या मंदिराचे विमान साठ मीटरांहून उंच आहे. पाचच वर्षांपूर्वी, १८०३ मध्ये, भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा प्रदीर्घ मराठी शिलालेख या मंदिराच्या भिंतीवर कोरण्यात आला होता. त्या विमानाच्या माथ्यावर लॅम्टनने आपले थिओडोलाइट यंत्र दोरांनी चढविण्यास आरंभ केला.

हे यंत्र लंडनच्या विल्यम केरी याने बनविलेले होते. त्याचे वजन सुमारे अर्धा टन होते व त्याच्या आडव्या वर्तुळाचा व्यास तीन फूट होता. वर चढत असता, यंत्र भिंतीपासून दूर धरून ठेवणारा दोर तुटला आणि ते भिंतीवर आदळले. त्याचे वर्तुळ वाकडे झाले. ज्या वर्तुळावर अंशांच्या बारीक खुणा कोरलेल्या असतात, तेच वाकल्यावर कोन कसा मोजणार? लॅम्टनने यंत्राचे सर्व भाग सुटे केले. एका सपाट फळीवर मूळ मापाचे वर्तुळ आखून कापले आणि पाचरी, स्क्रू व कप्प्या यांच्या साह्याने वाकलेली कड हळूहळू ओढून त्या मापास बसविली. आऱ्या त्याने लाकडी हातोड्यांनी ठोकून सरळ केल्या. या कामास सहा आठवडे लागले. परंतु यंत्र जवळजवळ पूर्ववत झाले व मोजणी पुढे चालू राहिली.

या हकिगतीतून ध्यानी घ्यावयाची गोष्ट ही की, त्या यंत्राचे मोल ते दूरची वस्तू किती पट मोठी दाखवी यावर अवलंबून नव्हते. ते होते त्याच्या वर्तुळाच्या अचूकपणात आणि बैठकीच्या स्थैर्यात. हौशी निरीक्षकाच्या दुर्बिणीसही हेच लागू पडते.

किती पट मोठे, की किती उजळ?

बाजारात लहान दुर्बिणींच्या खोक्यांवर ‘पाचशेपट मोठे दाखविणारी’ असे शब्द छापलेले आढळतात. अशा शब्दांस भुलू नये. दुर्बीण किती पट मोठे दाखवील, हे काढण्याची रीत सोपी आहे. मुख्य भिंगाच्या अथवा आरशाच्या केंद्रांतरास नेत्रभिंगाच्या केंद्रांतराने भागावे. मुख्य आरशाचे केंद्रांतर १२०० मिलिमीटर व नेत्रभिंगाचे २५ मिलिमीटर असेल, तर वस्तू ४८ पट मोठी दिसेल. १० मिलिमीटरचे नेत्रभिंग लावल्यास १२० पट. म्हणजे नेत्रभिंग बदलून हा आकडा हवा तितका वाढविता येतो. मात्र त्याबरोबर प्रतिमा अंधुक व पुसट होत जाते. दुर्बिणीच्या तोंडाचा व्यास मिलिमीटरांत जितका, त्याच्या दुपटीपलीकडे जाण्यात लाभ नसतो. ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीस १२० पट ही मर्यादा होय. पाचशेपट हे केवळ शब्दांचे वैभव होय. त्याखेरीज वातावरणाच्या चंचलतेमुळे बहुतेक रात्री दोनशे-अडीचशे पटींच्या वर मोठ्या दुर्बिणीचाही उपयोग होत नाही.

दुर्बिणीचे खरे कार्य प्रकाश गोळा करणे हे आहे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते. प्रकाश हा व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात गोळा होत असल्याने ५० मिलिमीटरचे भिंग डोळ्याच्या सुमारे पन्नासपट व १५० मिलिमीटरचा आरसा सुमारे साडेचारशेपट प्रकाश आत घेतो. म्हणून दुकानदारास पहिला प्रश्न विचारावा तो तोंडाच्या व्यासाचा.

ज्याने पूर्वी आकाश पाहिलेले नाही, त्याने आरंभी द्विनेत्री दुर्बीणच घ्यावी. तिच्यावर ७×५० किंवा १०×५० असे आकडे असतात. पहिला आकडा पटीचा व दुसरा भिंगाच्या व्यासाचा. चंद्रावरील विवरे, गुरूचे चार मोठे उपग्रह, कृत्तिकांचा पुंज व आकाशगंगेतील ताऱ्यांची दाटी एवढे सर्व तिच्यातून दिसते. हात कापत असल्यास ती भिंतीच्या कठड्यावर किंवा तिपाईवर टेकवावी. आकाशाची ओळख झाल्यावाचून मोठी दुर्बीण घेणे म्हणजे अक्षरओळख नसता कोश विकत घेण्यासारखे आहे.

दुसरी पायरी म्हणजे ११४ ते २०० मिलिमीटर व्यासाची आरशाची दुर्बीण. भिंगाची दुर्बीण वापरावयास सुटसुटीत असते. तथापि तेवढ्याच पैशात आरसा अधिक रुंद मिळतो. मात्र आरशाच्या दुर्बिणीतील दोन्ही आरसे अधूनमधून एका रेषेत आणावे लागतात. हे काम शिक्षकाने एकदा शिकून घेतल्यास पुढे दहा मिनिटांचे आहे. शनीची कडी पाहण्यास तीस-चाळीस पट पुरते व शंभर-दीडशे पटींस ती फार सुंदर दिसतात.

बैठकीचा विचार

स्वस्त दुर्बिणी बहुधा निरुपयोगी ठरतात त्या भिंगांमुळे नव्हे, तर डळमळीत तिपाईमुळे. शंभर पट मोठ्या दिसणाऱ्या प्रतिमेतील कंपनही शंभर पट वाढलेले असते. दुकानात दुर्बिणीस बोटाने हलकी टिचकी मारावी. प्रतिमा दोन-तीन सेकंदांत स्थिर झाली तर बैठक चांगली. अधिक वेळ लागला तर ती दुर्बीण घेऊ नये.

साध्या व भक्कम बैठकीचा मार्ग जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) यांनी दाखविला. सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त सोसायटीत ते संन्यासी म्हणून राहत असत. जहाजांच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून ते आरसे बनवीत आणि प्लायवुडच्या पेटीवर दुर्बीण बसवीत. ही पेटी आडवी फिरते व नळी वर-खाली होते. स्क्रू नाहीत, यंत्रे नाहीत. आज ‘डॉब्सोनियन’ या नावाने ती जगभर वापरली जाते व गावचा सुतारही ती करू शकतो.

आकाश फिरते त्याबरोबर आपोआप फिरणारी विषुववृत्तीय बैठक हा दुसरा प्रकार होय. तिचा मुख्य अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि येथेच तंजावरच्या निरीक्षकाने सावध राहिले पाहिजे. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या स्थळाच्या अक्षांशाइतकी असते. पुण्यास ती साडेअठरा अंश, तर तंजावरास सुमारे अकरा अंशच आहे. यामुळे तीन अडचणी येतात. ध्रुवतारा पुष्कळदा झाडांच्या, घरांच्या व क्षितिजावरील धुरकटपणाच्या आड जातो. उत्तरेकडील देशांसाठी केलेल्या काही बैठकांचा अक्ष इतका खाली झुकतच नाही. आणि तो झुकला तरी समतोलाचे वजन तिपाईच्या पायावर आदळू शकते. म्हणून अशी बैठक घेताना ‘ही किती अक्षांशापर्यंत खाली उतरते?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पेटीच्या बैठकीचीही एक अडचण आहे. बरोबर माथ्यावरील वस्तू पाहताना ती नीट फिरविता येत नाही. तंजावरास श्रवण, मघा व काक्षी हे तारे जवळजवळ माथ्यावर येतात. अशा वस्तू त्यांनी माथा गाठण्यापूर्वी किंवा नंतर तासाभराने पाहाव्यात.

दक्षिणेचे धन

या अडचणींची भरपाई तंजावरचे आकाश दुसऱ्या बाजूने करते. उत्तर ध्रुव जितका खाली, तितके दक्षिणेचे तारे वर. अगस्त्य हा तारा तेथे सुमारे सव्वीस अंश वर चढतो. पुण्यास तो एकोणीस अंशच चढतो. ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा प्रचंड गोलाकार गुच्छ तंजावरास जवळजवळ बत्तीस अंशांवर येतो. द्विनेत्री दुर्बिणीतून तो धुक्याच्या गोळ्यासारखा दिसतो आणि १५० मिलिमीटरच्या आरशातून त्यातील तारे सुटे होऊ लागतात. एप्रिल व मे महिन्यांतील रात्री त्यासाठी उत्तम. त्याच सुमारास दक्षिणेस त्रिशंकू व मित्र हेही दिसतात. मित्र हा जोडतारा आहे, हे लहान दुर्बिणीतूनही कळते. म्हणून तंजावरात दुर्बीण ठेवण्याची जागा दक्षिण क्षितिज मोकळे पाहून निवडावी. तमिळनाडूतील कावलूर येथे १९८६ पासून कार्यरत असलेली २.३४ मीटर व्यासाची वेणू बाप्पू दुर्बीणही दक्षिण आकाशाच्या या लाभाची वाटेकरी आहे.

छायाचित्रे घेताना

पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे तासाला पंधरा अंश सरकतात. म्हणून स्थिर कॅमेऱ्याने दीर्घकाळ चित्र घेतल्यास ताऱ्यांच्या जागी रेघा उमटतात. यासाठी एक सोपा ठोकताळा आहे. ५०० या संख्येस भिंगाच्या केंद्रांतराने भागावे. २४ मिलिमीटरच्या भिंगास सुमारे वीस सेकंद येतात. कॅमेऱ्याची प्रकाशग्राही पट्टी लहान असेल, तर त्याहूनही कमी वेळ घ्यावा. तिपाई व साधा कॅमेरा यांवर नक्षत्रांची उत्तम चित्रे घेता येतात. चंद्राचे चित्र तर मोबाइल फोन नेत्रभिंगास टेकवूनही येते. मात्र फोन हाती न धरता पकडीत बसवावा. ग्रहांसाठी चलच्चित्र घेऊन त्यातील स्पष्ट चित्रे संगणकाने एकत्र करतात. अंधुक तेजोमेघांच्या चित्रांस मात्र ध्रुवाशी नीट जुळविलेली फिरती बैठक लागते. तो खर्चाचा व सरावाचा मार्ग आहे. शाळेने त्यापासून आरंभ करू नये.

सूर्य व दुर्बीण

सूर्याकडे दुर्बिणीतून पाहिल्यास क्षणात दृष्टी कायमची जाऊ शकते. दुर्बिणीच्या तोंडावर, म्हणजे पुढच्या बाजूस, बसविलेला प्रमाणित सूर्यगाळक हाच सुरक्षित उपाय होय. नेत्रभिंगास लावावयाचा सूर्यगाळक उष्णतेने तडकतो. तो दुर्बिणीबरोबर मिळाल्यास टाकून द्यावा. शोधक दुर्बिणीचे तोंडही झाकावे. २६ डिसेंबर २०१९ रोजी कंकणाकृती ग्रहणाचा पट्टा तमिळनाडूवरून गेला. २१ मे २०३१ रोजी असाच पट्टा केरळ व दक्षिण तमिळनाडूवरून जाणार आहे. त्या दिवशी दुर्बिणीपाशी पहिले पाऊल टाकण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्यास हा नियम ठाऊक असला पाहिजे.

निगा आणि नोंद

कावेरीच्या प्रदेशात हवा दमट असते आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस पडतो. अशा हवेत भिंगांवर बुरशी धरते. म्हणून भिंगे चामड्याच्या बंद पेटीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावीत. दव पडू लागल्यास नळीपुढे जाड कागदाची नळकांडी बसवावी. धूळ फुंकणीने उडवावी; रुमालाने किंवा पदराने भिंग पुसू नये.

शेवटची गोष्ट वापराची. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातील हौशी निरीक्षकांच्या संस्थेने २००८ मध्ये वाचनालयांतून, पुस्तकांप्रमाणे घरी नेण्यासाठी, लहान दुर्बिणी देण्याची योजना सुरू केली. त्यासाठी ११४ मिलिमीटरची, मेजावर ठेवण्याजोगी, भक्कम दुर्बीण निवडण्यात आली. आपल्याकडेही पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणीत आली आहे आणि आयुका संस्थेने दुर्बिणी स्वतः बनविण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. शाळेने वा वाचनालयाने दुर्बिणीबरोबर एक जाड वही ठेवावी. तिच्यात तारीख, वेळ, नेत्रभिंग, आकाशाची स्थिती आणि काय दिसले, हे पाहणाऱ्याने स्वहस्ते लिहावे. दुर्बिणीत काही बिघाड आढळला तर तोही लिहावा, म्हणजे पुढच्या निरीक्षकाच्या हाती ती दुरुस्त होऊन जाईल. वर्षाअखेर ज्या वहीची पाने भरलेली असतील, त्या शाळेची दुर्बीण योग्य निवडली गेली असे समजावे.