डोंगरातला दुष्काळ कुणाच्या हिशेबात?

2023 चा पावसाळा कागदावर तसा बरा दिसतो. देशात सरासरीच्या 94 टक्के पाऊस झाला. सहा टक्क्यांच्या तुटीने काय आभाळ कोसळतं, असं कुणीही म्हणेल. पण या एका आकड्याच्या पोटात सरासरीहून 13 टक्के जास्त बरसलेला जुलै आहे, आणि 36 टक्के तुटीचा, 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्टही आहे. त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो जोर धरत होता आणि ऐन हंगामात पावसाने दीर्घ दडी मारली. केरळमध्ये हंगामाअखेर 34 टक्के तूट राहिली. कर्नाटकाने तर 236 पैकी 223 तालुके दुष्काळग्रस्त ठरवले. इतके तालुके म्हटल्यावर पश्चिम घाटातल्या मलनाडचे हिरवेगार डोंगरही त्यात आलेच, आणि तिथेच अनेकांच्या भुवया उंचावतात.

आक्षेप सरळ आहे. कोडगूतल्या मडिकेरीला वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातला तिसरा हिस्सा कमी झाला, तरी सोलापूरकराने हेवा करावा एवढा उरतोच. मग कसला दुष्काळ? पण पडलेला पाऊस आणि थांबलेलं पाणी यांचा हिशेब वेगळा असतो. तीव्र उतार, मातीचा मर्यादित थर आणि खाली कठीण खडक असलेल्या डोंगरात मोठा साठा मावत नाही. तिथले झरे मार्चपर्यंत वाहतात ते आठवडेच्या आठवडे रिपरिपणाऱ्या, सावकाश मुरणाऱ्या पावसाच्या जिवावर. चार दिवसांत कोसळलेला पाऊस बेरजेत तेवढाच भरतो, पण त्यातला बराचसा वहाळांतून खाली निघून जातो. ऑगस्टमध्ये उघडीप पडली की जमिनीत मुरलेलं पाणी झाडं आणि ओढे वापरत राहतात, वरून भर मात्र पडत नाही. म्हणून डोंगराला पावसाच्या बेरजेपेक्षा त्यातला खंड जास्त भोवतो, आणि तो भोवल्याचं कळतं सहा महिन्यांनी.

कॉफीच्या मळ्यात हे स्पष्ट दिसतं. देशातली सर्वांत जास्त कॉफी कोडगू जिल्ह्यात पिकते. रोबस्टा कॉफीच्या कळ्या कोरड्या महिन्यांत झोपल्यासारख्या असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक चांगली सर आली की आठ-दहा दिवसांत सारा मळा पांढरा होतो. पुढे दोन-तीन आठवड्यांत दुसरी सर मिळाली तर फळ धरतं. सर चुकली, तर ज्याच्याकडे पंप आहे तो ओढ्यातलं किंवा तळ्यातलं पाणी तुषार सिंचनाने देतो. म्हणजे ओढे सर्वांत क्षीण असतात तेव्हाच त्यांच्यावर सर्वांत मोठा उपसा. ‘मळेवाले सिंचन करतात, मग अडचण कुठे?’ या प्रश्नाचं उत्तर खालच्या वाडीतल्या रिकाम्या हंड्यांना विचारावं.

मग झाडं लावा, असा सल्ला हमखास येतो. तो अर्धाच खरा आहे. झाडही पाणी पितं, आणि कोणतंही झाड चालतं असं नाही. उत्तर कन्नडच्या घाटात झालेल्या अभ्यासांत मूळच्या जंगलाखालच्या जमिनीत पाणी जास्त मुरतं आणि ओढे जास्त काळ वाहतात, असं दिसलं. उजाड जमीन आणि अकेशियाची लागवड यांत मागे पडली. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी 2018 मध्ये आणखी एक दुवा दाखवला. पश्चिम घाटातली झाडी जे बाष्प हवेत सोडते, त्याचा तमिळनाडूच्या मोसमी पावसात मोठा वाटा असतो, आणि तुटीच्या वर्षांत तो वाढतो. सप्टेंबर 2023 मध्ये कावेरीच्या पाण्यावरून बंगळूर बंद झालं, तीन दिवसांनी कर्नाटक बंद झालं. भांडण होतं कृष्णराजसागर धरणातून तमिळनाडूसाठी किती पाणी सोडायचं याचं. कावेरी जिथे उगम पावते त्या तलकावेरीच्या डोंगरावरचं जंगल तमिळनाडूला नदीवाटे आणि हवेवाटे असं दुहेरी पाणी देतं, हा मुद्दा त्या गदारोळात कुणाच्या गावीही नव्हता.

डोंगरातला दुष्काळ हिशेबात न येण्याचं एक कारण मोजणीत आहे. 2016 च्या केंद्रीय दुष्काळ संहितेत पावसाबरोबर पेरणीचं क्षेत्र, उपग्रहाला दिसणारी हिरवळ आणि जमिनीतला ओलावा पाहतात. मैदानात हे चपखल बसतं. पण कॉफी, मिरी, वेलदोड्याची दरवर्षी पेरणी होत नाही, आणि सदाहरित जंगल झरे आटल्यावरही वरून हिरवंच दिसतं. आपल्याकडची, महाराष्ट्रातली पैसेवारीही पिकावरच चालते. मोखाडा-जव्हारला धो-धो पावसानंतरच्या उन्हाळ्यात टँकर लागतात, त्याचा अंदाज तीही देत नाही. संहितेत नदी-प्रवाहाचा निर्देशांक आहे, पण डोंगरातल्या छोट्या ओढ्यांवर मोजणीच नसेल तर तो भरायचा कशाने? एवढ्या ओढ्यांवर यंत्रं कोण बसवणार, ही अडचण खरी आहे, पण सगळ्यांवर बसवायची गरज नाही. प्रत्येक खोऱ्यात दोन-तीन ओढे निवडून खुणांच्या पट्ट्या रोवल्या आणि ऑक्टोबरपासून दर आठवड्याला पातळीची नोंद ठेवली, तरी मार्चमधली टंचाई डिसेंबरातच कळेल. टँकरचं नियोजन आणि मळ्यांच्या उपशावरची मर्यादा तेव्हाच ठरवता येईल.