घरातले मूल आणि बाहेरचा कारभार

गावात एखाद्या बाईचे नाव सरपंचपदासाठी पुढे आले की पारावरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तिला काय कळतंय कारभारातलं? आजवर चूल आणि मूल एवढंच केलंय." चुलीचे तूर्त बाजूला ठेवू. मुलापुरते मात्र माझे म्हणणे असे, की माणसे बरोबर घेऊन चालण्याचे जे शिक्षण मूल वाढवताना मिळते, ते आमच्या कॉलेजात मिळत नाही. कॉलेजात शिकवणारा माणूसच हे सांगतो आहे.

माझी पत्नी शिक्षिका. तिची शाळा सकाळची, माझे तास दुपारचे. त्यामुळे मुलीला न्हाऊमाखू घालून बालवाडीत पोचवण्याचे काम माझ्याकडे आले. वर्गात ऐंशी मुले माझ्या एका शब्दावर गप्प बसत. घरी चार वर्षांची पोर उंबऱ्यात बसे आणि काही केल्या चपला घालीत नसे. मी ओरडे, ती रडे, दोघांनाही उशीर होई. एके दिवशी कंटाळून मी विचारले, "आधी कोणती घालायची, ही का ती?" तिने क्षणभर विचार केला, एक उचलली, आणि पाच मिनिटांत आम्ही रस्त्यावर होतो! तुम्ही म्हणाल, यात काय मोठे? मोठे एवढेच, की हुकमाने न होणारे काम निवड तिच्या हाती दिल्यावर झाले. वर्गातला दरारा हजेरीपटाचा आणि परीक्षेचा होता, माझा नव्हता, हेही मला त्या उंबऱ्यात उमगले.

गिजुभाई बधेका हे गुजरातेतले वकील. 1913 साली त्यांना मुलगा झाला. त्याला कसे शिकवावे याचा शोध घेता घेता ते मॉन्टेसरीबाईंच्या पुस्तकांपर्यंत पोचले, पुढे वकिली सोडून 1916 साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले, आणि 1920 साली तेथे बालमंदिर निघाले. लोक त्यांना प्रेमाने 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई म्हणत. त्यांच्याबरोबर काम केलेल्या आपल्या ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालवाडीचे काम उभे केले. मुले शाळेत येईनात, तेव्हा ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. रुसलेल्या पोराजवळ आपणच जाऊन बसावे लागते, हे आईला कोणी शिकवावे लागत नाही. पुढाऱ्यांना मात्र पुष्कळदा लागते.

बचत गटाकडे पाहा. दहा ते वीस जणी. अध्यक्षबाईला ना पगार, ना कोणाला शिक्षा करण्याचा अधिकार. एखादीचा हप्ता थकला तर काय करावे? चारचौघींत तिचा पाणउतारा केला की ती पुढच्या बैठकीला येतच नाही. पोर शाळेत जाईना, तेव्हा खरेच पोट दुखतेय की गुरुजींची भीती वाटतेय, हे जवळ घेऊन ओळखणारी बाई येथेही आधी घरी जाते आणि कारण विचारते. म्हैस आटली असेल तर मुदत देते, नुसती टाळाटाळ असेल तर तसे तोंडावर सांगते. आणि एकदा दिलेला शब्द फिरवीत नाही; कारण मुलाशी शब्द मोडला तर काय होते, हे तिने भोगलेले असते.

एक सावधगिरी मात्र हवी. गाव म्हणजे मूल नव्हे. मोठ्या माणसांना 'तुम्हांला काय कळतंय' म्हणून गप्प बसवणारा सरपंच, बाई असो की बुवा, मूल वाढवण्यातूनही काही शिकला नाही असेच म्हणावे लागेल. आणि मुलांचे सारे बाईवर टाकून 'यातून तू शिकतेस' असे तिला सांगणे ही तर शुद्ध लबाडी! उलट, जो बाप मुलाच्या आजारपणात एक रात्रही जागला नाही, त्याचे हे शिक्षण बुडाले.

1993 साली पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, 2011 साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. तरी कित्येक ठिकाणी सही बाईची आणि बोलणे नवऱ्याचे. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी असा नियम आहे; पण ती स्वयंपाकाच्या वेळेला ठेवली तर अंगावर पिणारे पोर असलेली बाई येणार कशी? तुमच्या गावची पुढची सभा किती वाजता आहे, आणि तेवढा वेळ पोर कोणाजवळ राहणार आहे, एवढे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आणि घरातल्या पुरुषमंडळींना आजच विचारून ठेवा.